चालू

आमच्या जोडभावी पेठेत नळ पाचव्या दिवशी येतो,
तेव्हा ओल्या कागदाने घासण्याचा छंद
हा माजच म्हणायचा. आई म्हणतेच.
मी एक वाटी घेते,
तिच्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, दुसरा नको,
आणि पॉलिशपेपरचे तुकडे, बोटाच्या पेराएवढे,
दहा मिनिटं भिजत.
पाठीवर आकडे: सहाशे, हजार, दीड हजार,
आणि दोन हजार, जो वासराच्या जिभेइतकाच खरखरीत.

दिवसा मी सात रस्त्याजवळ दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घासते.
तिथे यंत्र आहे, घाई आहे,
लोकांना रविवारच्या मटणाआधी दात हवे असतात.
रात्री ही मोटार. चोविसाव्या हिश्शाची,
आधी पांढरी, आता निळी.
टपाच्या कडेने साच्याची शिवण जाते, केसाएवढी.
कोऱ्या प्लास्टिकवर दिसत नाही.
रंग बसला की दिसते,
मग फक्त तीच दिसते.

शेजारचे मल्लेशम येमूल
छत्तीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात, तपासणीच्या टेबलावर.
मोतीबिंदूची तारीख दोनदा पुढे गेलीय.
रंगाच्या आधी मी मोटार त्यांच्या हातात दिली होती.
त्यांनी तोंड दाराकडे ठेवलं
आणि अंगठा टपावरून नेला, सावकाश,
कापड पुढे ओढतात तसा.
"हितं. गाठ हाय."
गाठ नव्हती, शिवण होती. पण तिथेच होती.

सहाशेने आडवं, हजारने उभं.
आधीचे ओरखडे घालवायला
नवे, आणखी बारीक पाडायचे.
गुळगुळीत म्हणजे
इतके बारीक ओरखडे की कुणी तक्रार करणार नाही.
मग रंग, मग लॅकर, मग आठवडाभर हात लावायचा नाही,
मग पुन्हा वाटी.
दाब द्यायचा नाही. बोटाचं वजन, बास.
बाकी पाणी सांगतं.
लॅकर झिजतंय तोवर ते दुधाळ येतं.
निळं आलं, की संपलं.
आणि कडा आधी जातात. कडांवर सगळंच पातळ बसतं.

त्या रात्री अडीचला नळ आला.
बोळभर घागरी, पाण्याच्या मोटारींची घरघर.
मी बॅरलमध्ये पाइप सोडला आणि वाटी घेऊन बसले,
पाण्याची चैन होती.
येमूल ओट्यावर. मोटार मागितली, चाचपली, परत दिली.
"चालू," म्हणाले.
मी घासत राहिले.
"चालू," जरा मोठ्यानं.
हो काका, चालूच आहे.
"चालू, चालू की गं!"
आणि वाटीत एक निळी रेघ
उदबत्तीच्या धुरासारखी सुटी होऊन फिरली.

त्यांच्या तेलुगूत चालू म्हणजे पुरे.
एकोणतीस वर्षं एका भिंतीपलीकडे वाढले,
त्यांच्याकडे पंगतीला बसले,
काकू भात वाढायच्या, ते म्हणायचे चालू,
पण म्हणताना पानावर हात आडवा धरायचे.
मी हात बघत होते,
शब्द ऐकलाच नव्हता.

उजव्या दाराच्या वर ज्वारीच्या दाण्याएवढं
पांढरं प्लास्टिक उघडं पडलंय.
त्यांनी अंगठा फिरवला. अंगठा कुठेच अडला नाही.
"आता काय न्हाई हितं. लोण्यावानी."
खरंच होतं ते.
वाटीतलं पाणी मी मोरीत ओतलं,
झाडाला घालत नाही, त्यात प्लास्टिक असतं.

आतून आईने विचारलं,
बॅरल भरलं, मोटार बंद करू?
मी म्हटलं, चालू.
तिने तशीच ठेवली.
पाणी उंबरा ओलांडून बोळात गेलं.